पाझराची तक्रार कोणी ऐकायची?

लखनौत गोमतीच्या तटबंधाला तटबंध असे कोणी म्हणत नाही. सारे शहर त्याला ‘बंधा’ म्हणते. पत्ता सांगताना बंधा येतो, रिक्षावाल्याशी भाडे ठरवताना बंधा येतो आणि सकाळच्या फेरफटक्यालाही लोक बंध्यावरच जातात. वर्षातील बहुतेक काळ हा मातीचा उंच पट्टा म्हणजे केवळ एक रस्ता असतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मात्र हनुमान सेतूजवळ केंद्रीय जल आयोगाचे पातळीचे आकडे वर सरकू लागले, की बंध्याच्या आतल्या अंगाला राहणाऱ्यांना जाणवते, की ही एक भिंत आहे आणि आपली घरे पुरातल्या नदीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मग प्रश्न सुरू होतात. अंगणातील ओल पावसाची की नदीची? पायथ्याशी साचलेले पाणी कालच्यापेक्षा वाढले आहे काय? चार दिवस पाऊस नसताना हे डबके आटत का नाही?

या प्रश्नांना आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते. बंधा सुरक्षित आहे, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. ज्या यंत्रणेत माझे नोकरीचे सारे आयुष्य गेले, तिचे हे आवडते उत्तर आहे आणि त्यामागचा हेतूही वाईट नसतो. पण ते उत्तर प्रश्नाचे नाही. विचारणाऱ्याने भीती सांगितलेली नसते. त्याने डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगितलेली असते. पाझराची तक्रार हे निरीक्षण आहे, आणि पुराच्या काळात शासनाला मिळणाऱ्या माहितीपैकी ते सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत लवकर मिळणारे असते. ते नोंदवून घेण्याची, तपासण्याची आणि त्यास उत्तर देण्याची व्यवस्था या देशात जवळजवळ नाही. तटबंधांविषयीच्या आपल्या चर्चेत ही उणीव क्वचितच उच्चारली जाते.

प्रथम गोमतीविषयी. ही हिमालयातून उतरणारी नदी नव्हे. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तलावातून ती निघते, भूजलावर पोसते आणि सुमारे साडेनऊशे किलोमीटर वळणे घेत कैथीजवळ गंगेला मिळते. तिचा उतार अगदी मंद आहे. सीतापूर, हरदोई, खिरी या जिल्ह्यांत झालेला पाऊस तिच्या पात्रात सावकाश जमतो, लखनौला सावकाश पोहोचतो आणि ओसरतोही सावकाश. घाघरा एका रात्रीत गाव कापून नेते. गोमती दिवसचे दिवस तुंबून राहते.

जुने लखनौ नदीचा हा स्वभाव ओळखून वसले होते. लक्ष्मण टिला, मच्छी भवन, रेसिडेन्सी ही ठिकाणे दक्षिण काठावरच्या उंचवट्यांवर आहेत. असफुद्दौलाने १७७५ मध्ये फैजाबादहून राजधानी इथे आणली, तेव्हाही दाट वस्ती वाढली ती मुख्यतः याच बाजूला. सखल उत्तर काठावर बादशाह बागेसारखी उद्याने होती. नदी चढली तर तिथे वाफे बुडत. विसाव्या शतकात त्याच बादशाह बागेत विद्यापीठ आले आणि नदीपलीकडे एकामागून एक वस्त्या पसरत गेल्या. १९२३ च्या पुराने शहराला एकदा बजावले होते. पुढे १९६० च्या ऑक्टोबरात, पावसाळा संपला असे लोकांनी गृहीत धरल्यावर, गोमती विद्यापीठाच्या आवारात आणि शहराच्या मध्यभागी शिरली. हजरतगंजात नावा चालल्याची आठवण लखनौच्या जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. त्या पुरानंतर नदीच्या दोन्ही काठांना तटबंध घालण्यात आले. १९७१ मध्ये नदीने पुन्हा मोठा पूर दाखवला.

तटबंधाचा एक परिणाम असा, की तो असलेल्या वस्तीच्या रक्षणासाठी बांधला जातो आणि बांधून झाल्यावर नव्या वस्तीला बोलावतो. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. भिंत उभी राहिली, की तिच्यामागची जमीन सुरक्षित समजली जाते, तिचे भाव चढतात आणि ज्या जागी पूर्वी पिके बुडत तिथे माणसांचे संसार उभे राहतात. गोमतीनगरसारख्या विस्तीर्ण वसाहती बंध्याच्या भरवशावरच उभ्या आहेत. सहा दशकांपूर्वीच्या मातीच्या बांधाआड आज जे शहर राहते, ते त्या बांधाची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. शिवाय बांधावरील भार बदलला आहे. २०१५ ते २०१७ या काळात नदीकाठ विकासाच्या नावाखाली पात्राच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घालण्यात आल्या. आता बंध्यावरून ‘ग्रीन कॉरिडॉर’चा रुंद रस्ता पुढे सरकतो आहे. शहराचे अनेक नाले बांधातून आरपार जातात. नदी चढली, की त्यांची दारे बंद करून आतले पाणी पंपांनी उपसावे लागते. मातीच्या बांधातून जाणारी प्रत्येक नळी आणि प्रत्येक दार ही पाझराला सोयीची जागा असते, हे स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या वर्षांतच शिकतात.

इथे पाझर म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे लागेल. मातीचा कोणताही बांध थोडाफार पाझरतोच. तो गुन्हा नव्हे. पाणी एका बाजूला उभे राहिले, की ते मातीच्या कणांमधून वाट काढत दुसऱ्या बाजूला येते. किती आत येते, हे पाणी किती उंच चढले यावर जसे अवलंबून असते, तसेच ते किती दिवस टिकले यावरही असते. गोमतीसारखी तुंबून राहणारी नदी म्हणूनच बांधाची वेगळी परीक्षा घेते. पाणी काठोकाठ न येताही, आठवडाभर एकाच पातळीवर टिकले तर बांध आतून भिजत जातो. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल तर चिंता थोडी. पाणी येत आहे, माती जागेवर आहे. तेच पाणी गढूळ झाले, तर त्याचा अर्थ बांधाची माती त्याबरोबर वाहू लागली आहे. उंदीर-घुशींची बिळे, कुजलेली मुळे, जुन्या नळ्यांच्या कडा अशा वाटांनी आत एक पोकळी तयार होते आणि ती नदीच्या दिशेने मागे मागे खोदली जाते. कधी बांधापासून काही अंतरावर, शेतात किंवा अंगणात, पाणी उकळल्यासारखे जमिनीतून वर येते आणि भोवती वाळूचे लहानसे वर्तुळ साचते. अशा वेळी भोक बुजवायचे नसते, कारण पाणी दुसरीकडून फुटते. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आतले पाणी उंच होऊ द्यायचे असते, म्हणजे त्याचा जोर कमी होतो आणि माती वाहणे थांबते.

पाणी स्वच्छ आहे की गढूळ, कालपासून वाढले की कमी झाले, हे कोणाला कळणार? ज्याच्या जिल्ह्यात तीसचाळीस किलोमीटरचा बांध आहे त्या अभियंत्याला ते एका फेरीत कळणे शक्य नाही. ज्या बाईच्या मोरीच्या मागे ते पाणी येते तिला ते तासातासाला दिसते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घाघरेच्या काठच्या एका जिल्ह्यात उपविभागाचा अधिकारी होतो. एका सप्टेंबरात, नदी सहा दिवस धोक्याच्या खुणेवर असताना, बांधालगतच्या गावातले काही लोक संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांतल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या हातात पाण्याने भरलेला पितळी लोटा होता. तो म्हणाला, “साहेब, तीन दिवस पाझर येतो आहे, पण पाणी निवळ होते. आज सकाळपासून गढूळ येते. हा दुपारी भरलेला लोटा आहे.” त्याने वरचे पाणी हळूच ओतून टाकले. तळाशी बोटभर बारीक माती बसली होती. संबंधित खात्याच्या मंडळींनी त्यांना आदल्या दिवशी सांगितले होते, की बांधाला घाम येतो, त्यात विशेष काही नाही. त्या लोट्यानंतर चर्चेला जागा उरली नव्हती. रात्री कंदील आणि दोन जीपचे दिवे लावून गावकऱ्यांनीच पोती भरली, पायथ्याशी कडे रचले आणि पहाटेपर्यंत पाणी पुन्हा निवळ झाले. बांध टिकला.

काही आठवड्यांनी त्या घटनेचा अहवाल माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिले होते, की नियमित गस्तीदरम्यान पाझर निदर्शनास आला व तत्काळ उपाययोजना करण्यात आली. लोटा नव्हता, शेतकरी नव्हता, त्याने तीन दिवस ठेवलेली पाळतही नव्हती. मी जिल्ह्याला पाठवलेल्या स्वतंत्र टिपणात त्या गावाचा उल्लेख केला होता. पण पुढच्या वर्षीच्या पूरनियोजनाचा आधार ठरला तो खात्याचा अहवाल. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या वाक्यरचनेने फार शिकवले. ‘निदर्शनास आला’ या प्रयोगात पाहणारा कोणी नसतो. आणि ज्याने पाहिले त्याची नोंद नसेल, तर पुढच्या वेळी त्याला विचारण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

हा प्रश्न एका जिल्ह्याचा असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला आणि उत्तर बिहारमधील लाखो लोक बेघर झाले. तो तटबंध साडेनऊ लाख क्युसेक प्रवाह पेलेल अशा हिशेबाने बांधलेला होता. फुटला तेव्हा नदीत जेमतेम दीड लाख क्युसेक पाणी होते. म्हणजे नदी बांधाच्या डोक्यावरून गेली नाही. झिजत चाललेला बांध बाजूने खचला. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस कोसी पुन्हा चढली, तेव्हा दरभंगा जिल्ह्यातील किरतपूर भागात तटबंध फुटला, त्याआधी तिथे पाझर सुरू झाला होता आणि लोक पोती टाकत होते. बिहारमध्ये १९५४ साली सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते, आज ते साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक आहेत. त्याच काळात राज्यातील पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरांवरून सुमारे ६९ लाख हेक्टरांवर गेले. बांध लांबत गेले आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याची कुवत मात्र त्या प्रमाणात वाढली नाही, हेही या आकड्यांमागचे एक सत्य आहे.

महाराष्ट्राच्या वाचकांना याची उदाहरणे बाहेरून आणून देण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, ते अपूर्ण अवस्थेत भरलेले होते; पाणी सोडण्याच्या नळाच्या वरचा भराव खचत गेला आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरणावर ही झुंज चालू होती तेव्हा खाली पुणे शहराला संकटाची नीट कल्पना नव्हती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले आणि त्यावर देशभर हसू झाले. मला त्यातला विनोद कधी कळला नाही. खेकडे बांध पोखरतात हे कोकणातील कोणताही शेतकरी जाणतो. प्रश्न असा होता, की गळती सांगितली गेली त्या दिवसापासून बांध फुटला त्या रात्रीपर्यंत तो कागद कोणत्या टेबलावर होता.

श्रीमंत देशांतही हे घडते. ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील सतराव्या रस्त्याच्या कालव्याची पूरभिंत पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळली. त्या भिंतीलगत राहणाऱ्या काहींनी कित्येक महिने आधी आपल्या अंगणात पाणी येत असल्याचे कळवले होते, हे नंतर समोर आले. संपत्तीने भिंत उंच करता येते. ऐकण्याची सवय तिच्याबरोबर आपोआप येत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? तिवरेनंतर दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, पाझराच्या मोजमापांची नोंद, आपत्कालीन कृती आराखडा अशी बंधने त्यात आहेत. पण धरणाची व्याख्या करताना त्या कायद्याने पूरसंरक्षक तटबंध स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. म्हणजे डोंगरातील एखाद्या मोठ्या जलाशयाचा बांध पाझरला तर किती पाझरला हे मोजणे बंधनकारक आहे; पस्तीस-चाळीस लाखांच्या शहरातून जाणारा बांध पाझरला तर तसे बंधन या कायद्याने कोणावरही येत नाही. तटबंधांविषयीचे जुने कायदे, उदाहरणार्थ १८८२ चा बंगालचा कायदा, बांधाला इजा करणाऱ्या रयतेला शिक्षा सांगतात. बांधाची दुखापत कळवणाऱ्या रयतेला उत्तर देण्याचे कर्तव्य अशा कायद्यांच्या कल्पनेत नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपण बांध वाढवले, ती कल्पना तशीच ठेवली.

अशा वेळी नेदरलँड्सचे उदाहरण सर्वजण भल्यामोठ्या दरवाजांसाठी देतात. मला तिथली एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तिथे मध्ययुगापासून चालत आलेली जलमंडळे आहेत, ती लोकांनी निवडून दिलेली असतात आणि नदी चढली की बांधावर गस्त घालायला प्रशिक्षित स्वयंसेवक उतरतात. हे शेजारपाजारचेच रहिवासी असतात. पाझर कसा ओळखावा, वाळू वाहणारा झरा कसा दिसतो आणि कोणाला कळवावे हे त्यांना आधी शिकवलेले असते. बांधावर पाहिलेली गोष्ट कळवणे तिथे तक्रार समजली जात नाही, काम समजले जाते.

लखनौत यातले काय करता येईल? गेल्या काही पावसाळ्यांत बंध्यालगतच्या एका वस्तीतील रहिवाशांबरोबर मी कार्यालयांच्या पायऱ्या चढलो आहे. एका कार्यालयाने सांगितले, ही ओल फुटलेल्या गटाराची असावी. दुसऱ्याने सांगितले, नाल्याच्या दाराची देखभाल आमच्याकडे नाही. तिसऱ्याने रस्त्याच्या कामाकडे बोट दाखवले. तिघांचेही म्हणणे खरे असू शकेल. पण कोणीही पाण्याचा नमुना घेतला नाही, आणि रहिवाशांच्या अर्जावर पोच मिळाली ती शिक्क्याची. त्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षिकेने आता स्वतःच वही घातली आहे. तारीख, वेळ, पाणी निवळ की गढूळ आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघेपर्यंत किती चढले, एवढ्याच तिच्या नोंदी. ती वही मी पाहिली आहे. पूरनियंत्रणाच्या अनेक शासकीय नोंदवह्यांपेक्षा ती अधिक उपयोगाची आहे.

त्या वहीला शासनाची मान्यता मिळावी, एवढीच मागणी करावीशी वाटते. बंध्यावर दर शंभर मीटरला क्रमांकाचा दगड असावा, म्हणजे फोन करणाऱ्याला ‘पिंपळाजवळ’ असे सांगावे लागणार नाही. पाझराची प्रत्येक सूचना एकाच नोंदवहीत चढावी, मग बांध, नाला आणि रस्ता कोणत्याही खात्याचा असो. चोवीस तासांत कोणी जाऊन पाहावे आणि काय आढळले ते सूचना देणाऱ्याला लेखी कळवावे. पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणीचा अहवाल वस्तीच्या फलकावर लागावा. दर वस्तीतील दहाबारा माणसांना, आणि त्यांत घरी असणाऱ्या स्त्रियांना आधी, निवळ आणि गढूळ पाण्यातला फरक शिकवावा. संसदेने तटबंधांना धरण सुरक्षा कायद्याच्या कक्षेत आणावे किंवा त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा. यांपैकी शेवटची गोष्ट सोडली तर बाकी कशालाही नवे पैसे फारसे लागत नाहीत.

यावर माझे काही जुने सहकारी म्हणतात, की लोकांना असे विचारत बसलो तर रोज शंभर फोन येतील आणि त्यातले नव्वद निरर्थक असतील. ते खरे आहे. शंभरांतले नव्वद फोन पावसाच्या डबक्यांबद्दल असतील. रुग्णालयात येणाऱ्या खोकल्यांपैकीही बहुतेक साधे असतात. म्हणून आपण छाती तपासणे सोडत नाही. आणि घबराट पसरते ती माहिती दिल्याने कमी, उत्तर न मिळाल्याने अधिक. ज्याला सांगितले गेले, की तुमच्या घरामागचे पाणी तपासले, ते निवळ आहे, ते गढूळ झाले तर या क्रमांकावर कळवा, तो माणूस रात्री झोपतो. ज्याला केवळ घाबरू नका असे सांगितले, तो जागा राहतो आणि शेजाऱ्यालाही जागवतो.

गोमतीने शहराला १९६० मध्ये आणि १९७१ मध्ये आपले रूप दाखवले. त्यानंतर जन्मलेल्या बहुसंख्य लखनौवासीयांनी हजरतगंजातील नावा केवळ ऐकल्या आहेत. दीर्घ शांततेत बांध जुना होत जातो आणि तो जुना झाला आहे हे प्रथम त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना कळते. त्यांनी कळवलेले लिहून घेणे आणि त्याला उत्तर देणे, हे तटबंधाच्या देखभालीचेच काम आहे. माती, दगड आणि गवत यांच्याइतकेच ते अंदाजपत्रकात आणि कर्तव्यसूचीत असले पाहिजे.